भगवंताच्या हाती

मूर्तिजापूरच्या बाजारात सांबार विकणाऱ्या भगवंत निमकर्डेला वयाच्या एकोणचाळिसाव्या वर्षापर्यंत कोणी कशाबद्दल मत विचारलं नव्हतं. त्याची त्याबद्दल तक्रार नव्हती. लग्न ठरलं तेव्हा मुलगी त्याच्या मोठ्या भावाने, खुशालरावांनी, पाहिली आणि पसंतही केली. भगवंतला तारीख कळवण्यात आली. वाटणीत विहिरीकडचा तुकडा खुशालरावांकडे राहिला आणि नाल्याकडचा आपल्याकडे आला, हेही त्याला असंच कळलं. जुडीचा भाव गिऱ्हाईक सांगायचं. सांबार म्हणजे पुण्याकडची कोथिंबीर. दुपारपर्यंत गेली नाही तर ती मान टाकते, त्यामुळे ती विकणाऱ्याला स्वतःचं मत असणं परवडत नाही. राहता राहिलं मतदान. तिथे कोणतं बटण दाबायचं ते खुशालराव आदल्या दिवशी येऊन सांगून जात.

तशी ती वर्षं मतं विचारण्याचीच होती. दोन हजार सहाच्या आसपास वऱ्हाडात प्रश्न विचारणाऱ्यांचं पीक कापसापेक्षा बरं आलं होतं. गाड्या भरून माणसं यायची, छापलेले कागद काढायची, बाजेवर बसून चहा प्यायची आणि शेतकऱ्याला काय वाटतं ते लिहून न्यायची. भगवंतच्या दारावरून या गाड्या न थांबता जात. त्याच्याकडे कपाशी नव्हती, आणि पालक-सांबार लावणाऱ्या माणसाच्या दुःखासाठी त्या कागदांवर रकाना नव्हता.

दुःख मात्र होतं. त्याच्या एकुलत्या एका मुलीला, करिश्माला, आठव्या वर्षी रक्ताचा कॅन्सर निघाला. आता ती दहा वर्षांची होती. दोन वर्षांत तिचे केस दोनदा गेले नि दोनदा आले. दोन्ही वेळा घरात सणासारखं झालं आणि दोन्ही वेळा आजार केसांच्या मागोमाग परत आला. भगवंत आणि त्याची बायको शकुन अमरावतीच्या दवाखान्यात इतक्या वेळा गेले होते की एसटीचे कंडक्टर त्यांना कुठे जायचं ते विचारत नसत. दवाखान्यातही कोणी काही विचारत नसे. इथे बसा, तिकडे जा, हे आणा, इथे सही करा. भगवंतला ते सोयीचं होतं. सही करणं आणि मत देणं यांत फरक असतो, हे त्याच्या ध्यानात यायचं काही कारण नव्हतं.

दुसऱ्यांदा आजार उलटला तेव्हा डॉक्टर परवेज यांनी नवरा-बायको दोघांनाही आपल्या खोलीत बसवलं. परवेज अकोल्याचे. बाहेर मोठं शिकून परत आलेले, आणि येताना आजारी पोराच्या आईबापांना विचारल्याशिवाय काही करायचं नाही अशी सवय बरोबर घेऊन आलेले. त्यांनी सावकाश सांगितलं. अजून एक औषध आहे, जोरदार आहे. त्यासाठी सोमवारी पोरीला भरती करावं लागेल. महिना-दीड महिना काचेच्या खोलीत, बाहेरचं कोणी आत नाही. त्याने गुण येईल असं त्यांना वाटत नव्हतं, पण येणारच नाही असंही त्यांना छातीवर हात ठेवून सांगता येत नव्हतं. नाहीतर पोरीला घरी ठेवायचं आणि दुखणं दाबून धरणाऱ्या गोळ्या द्यायच्या. त्या गोळ्या बाहेरच्या दुकानात मिळत नाहीत. बापाच्या सहीची चिठ्ठी आली की ते स्वतः देतील. घरी ठेवलं तर किती दिवस, तेही त्यांनी सांगितलं. आठवड्यांत सांगितलं.

मग ते म्हणाले, “भगवंतराव, तुमचं मत काय?”

भगवंतने मागे वळून पाहिलं. खुशालराव मागे उभे असतील असं त्याला वाटलं. मागे वजनकाटा होता.

 परवेजना राहवलं नाही, आणि इथला कुठल्याही धर्माचा डॉक्टर अशा वेळी जे बोलतो तेच ते सवयीने बोलून गेले. “घाई नाही. विचार करा. शेवटी सगळं भगवंताच्याच हाती.”

एवढं म्हणून त्यांची नजर समोरच्या फाईलवर गेली. फाईलवर पालकाचं नाव लिहिलेलं होतं. त्यांनी फाईल मिटली. शकुनला हसू आलं. दवाखान्यात दोन वर्षांत ती पहिल्यांदा हसली असेल. लगेच तिने पदर तोंडाला लावला आणि मग तो बराच वेळ तिथेच धरून ठेवला. भगवंत आपल्या हातांकडे पाहत होता. नखांत माती होती.

परतताना एसटीत करिश्मा आईच्या मांडीवर झोपली. भगवंतने शकुनला विचारलं. लग्नाच्या चौदा वर्षांत त्याने तिला काही विचारायची ही बहुधा पहिलीच खेप, त्यामुळे ते कसं विचारतात हे त्याला नीट जमलं नाही. शकुनला मत होतं. ते तिच्या तोंडावर दिसत होतं. पण ती म्हणाली, “मी माय हाव. माय कशी म्हनीन का आता पुरे? तुमी म्हना. मी तुमच्या मागं हाव.”

गावात मतांचा तुटवडा नव्हता. शेजारच्या पार्बताबाईने एका झाडपाल्याच्या माणसाचा पत्ता दिला. त्याच्याकडे म्हणे याहून वाईट केसेस चालत आल्या होत्या. चालत गेल्याचं तिने सांगितलं नाही. खुशालरावांचं तर आधीच ठरलेलं होतं. हार मानायची नाही. सोमवारी सकाळी ते जीप घेऊन येणार होते, एसटीत पोरीला धक्के बसतात म्हणून. खुशालराव वाईट माणूस नव्हते. करिश्मा चालायला लागली ती त्यांचं बोट धरून, आणि दुखणं निघालं तेव्हा पंगतीतून उठून दवाखान्याकडे धावलेले तेच. त्यांचा एवढाच समज होता की घरात एकाने ठरवावं, आणि तो एक कोण हे त्यांच्या जन्माच्या वेळीच ठरलेलं आहे.

शुक्रवारी बाजार होता. भगवंतच्या शेजारी आबेदाबीचं बांगड्यांचं दुकान लागायचं. दुकान म्हणजे एक सतरंजी. तीन वर्षांपूर्वी तिचा जिब्रान डोक्यातल्या गाठीने गेला होता, बारा वर्षांचा. तेव्हापासून भगवंत तिच्याशी पावसापाण्याचं बोलायचा आणि ती त्याच्याशी भावाचं. त्या विषयाकडे दोघंही जात नसत.

गर्दी ओसरल्यावर भगवंतने विषय काढला. आबेदाबी तेव्हा एका बाईच्या हातात बांगड्या भरत होती. ती थांबली नाही. तिने सांगितलं ते असं, की तिलाही कोणी विचारलं नव्हतं. तिच्या नवऱ्याने, नासिरने, सही केली. पोराला काचेपलीकडे नेलं, नाकात नळी घातली, आणि नऊ दिवस हिला रोज दोनदा पाच-पाच मिनिटं दाखवलं.

“त्याचं तोंड हाले,” ती म्हणाली. “अम्मी म्हने का पानी मांगे, मले ऐकू ये नाई. काच जाड होती. — हात ढिला सोड बाई, फुटन.”

बांगडी हातात गेली. भगवंत म्हणाला, म्हणजे घरी ठेवलेलं बरं.

“मी असं कधी म्हतलं?” आबेदाबी म्हणाली. “नासिरनं सही नसती केली ना, त आजवर मी त्याले बोलली असती, काऊन नाई केली म्हनून. आता बोलतो, काऊन केली म्हनून. दोन्हीकून बोलनंच हाय, भगवंतभाऊ. तुले कोनतं बोलनं ऐकनं जमन, तेवढं पाह्य.”

बाईने बांगड्या किती झाल्या ते विचारलं. आबेदाबीने डझन सांगितलं आणि एक जास्तीची भरली. मग भगवंतकडे न पाहता म्हणाली, “अन् साऱ्या बाजाराले इचारून राहिला. पोट्टीले इचारलं का?”

पोरीला विचारायचं भगवंतच्या डोक्यात आलं नव्हतं. ज्याला कोणी विचारत नाही त्याच्या खालीही कोणीतरी असतं, ज्याला तो विचारत नाही. रविवारी दुपारी करिश्मा लिंबाच्या सावलीत बाजेवर पडली होती. तो खाली बसून जुड्या बांधत होता. पूर्वी हे काम तिचं होतं. तिच्या जुड्या आटोपशीर असत आणि थोड्या लहान, कारण बाजाराचं गणित तिला बापापेक्षा चांगलं कळायचं.

उद्या जायचं आहे का, असं तिनेच विचारलं. भगवंत म्हणाला, “तुले काय वाटते?”

करिश्माने त्याच्याकडे संशयाने पाहिलं. “तुमी म्हनसान तसं.”

“मी काई म्हनून नाई राहिलो. तुले इचारून राहिलो.”

 ती लिंबाच्या फांद्यांकडे पाहत, सगळा हिशोब फार पूर्वीच मांडून ठेवलेल्या माणसासारखी सरळ म्हणाली, “मी नाई म्हतलं त आई रडते. हो म्हतलं तरी रडते. पन हो म्हतल्यावर लवकर थांबते. म्हनून मी हो म्हनतो.”

भगवंतच्या हातातली जुडी सुटली. त्याने ती पुन्हा बांधली.

“आईचं जाऊ दे,” तो म्हणाला. “तुहं सांग.”

“घरी बरं वाटते. फक्त पाठ नाई दुखली पायजे.” आणि थोडं थांबून, “आईले नोका सांगू.”

शकुन चुलीपाशी होती. चूल बाजेपासून सात-आठ हातांवर होती. तिने भाकरी उलटायला जितका वेळ लागतो त्याच्या तिप्पट लावला, आणि भाकरी करपली.

सोमवारी खुशालराव वेळेवर आले. जीप दारात उभी राहिली. त्यांनी पोरीसाठी मागच्या बाकड्यावर गादी टाकून आणली होती, वर उशी. “चाल, घे तिले,” ते अंगणातूनच म्हणाले. “उनाच्या आत पोचू.”

भगवंत समोर येऊन उभा राहिला. त्याने आदल्या दिवसापासून वाक्य पाठ केलं होतं, ते मोठं होतं. ऐनवेळी त्यातलं एवढंच उरलं. “दादा, तिले नाई नेत.”

“कोन म्हनते?”

“मी.”

खुशालरावांनी दारात उभ्या असलेल्या शकुनकडे पाहिलं. भगवंतच्या तोंडून काही निघालं म्हणजे ते दुसऱ्या कोणाचं तरी असणार, हा त्यांचा आयुष्यभराचा अनुभव होता. शकुनने नजर खाली केली नाही. ते पुन्हा भावाकडे वळले, आणि आवाज चढवायच्या बेतात असताना त्यांचा आवाज उलटा खाली आला.

“उद्या लोक मले इचारतीन, बापानं लेकरू काऊन सोडलं. मी काय सांगू?”

“सोडलं नाई, घरी ठेवलं. कोनी इचारलं त मी म्हतलं म्हनून सांगजा.” भगवंत ओसरीच्या खांबाला टेकला. “मंग मले बोलतीन. बोलू द्या.”

खुशालराव जीपकडे गेले. गादीवरची उशी त्यांनी उगाच सरळ केली. ड्रायव्हर चावी फिरवायला लागला, त्याला त्यांनी हाताने थांबवलं. परत आले ते वेगळ्याच विषयाने. डॉक्टरने गोळ्यांचं काय म्हटलं होतं, असं त्यांनी विचारलं. भगवंतने चिठ्ठीचं सांगितलं.

“मंग दे लिहून. गाडी का रिकामी वापस पाठवू?”

भगवंत सातवी शिकला होता, पण सहीपलीकडे लिहायचा प्रसंग त्याला क्वचितच आलेला. करिश्माच्या वहीतलं पान फाडून तो खांबाशी बसला. चार ओळींना अर्धा तास लागला. शकुन तोवर पाण्याचा तांब्या घेऊन उभी होती, आणि खुशालराव उन्हात.

*डॉक्टर साहेब, करिश्माला आनत नाही. ती घरीच राहिल. तीची पाठ दुखु नये असं औषद द्यावे. तीला विचारल आहे. हे माझ मत आहे. भगवंत निमकर्डे.*

गावातल्या कोणाचाही अर्ज खुशालरावांच्या हाताखालून गेल्याशिवाय तालुक्याला जात नसे. ऱ्हस्व-दीर्घ तर ते लग्नपत्रिकेतलंही दुरुस्त करायचे, पत्रिका दुसऱ्याची असली तरी. त्यांनी चिठ्ठी घेतली, खिशातून पेन काढलं, टोपण उघडलं आणि वाचायला सुरुवात केली. एकदा वाचली. ‘तीला विचारल आहे’ या ओळीपाशी ते थांबले, बाजेवर पडलेल्या पोरीकडे पाहिलं, आणि पुन्हा पहिल्यापासून वाचली.

मग त्यांनी पेनाला टोपण लावलं. चिठ्ठीची घडी केली, आतल्या खिशात ठेवली, शकुनच्या हातून तांब्या घेऊन उभ्यानेच पाणी प्यायले आणि जीपमध्ये जाऊन बसले. औषदातला द तसाच अमरावतीला गेला.