ठिणगीआत्याचा कपॅसिटर

माझी ठिणगीआत्या कुणाला माफ करत नसे आणि त्याची तिला लाजही वाटत नसे. इंदापूरच्या एका दुकानदारानं एकदा तिच्या गळ्यात हलकी वायर मारली. तेव्हापासून ती शेजारच्या दुकानात खरेदी करी आणि भरलेली पिशवी मिरवत मुद्दाम त्याच्या दारावरून जाई. "दिसू दे की त्याला," म्हणे.

पिंपळीत तिचा ढोबळी मिरचीचा प्लॉट होता, पण नाद विजेचा. हायवेवरच्या लॉजांनी निऑनच्या पाट्या उतरवल्या, तेव्हा त्यांचे जड ट्रान्सफॉर्मर तिनं भंगारातून आणले. त्यांतल्या एकावर दोन उभ्या तारा बसवल्या. त्यांच्यामधून जांभळी ठिणगी फडफडत वर चढे, टोकाला विझे आणि पुन्हा खालून निघे. कुणी जवळ सरकलं की आत्या खेकसे, "हात मागं! मरायचं हाय का?"

एका गणपतीत तिनं ते यंत्र मंडळाच्या मांडवात लावलं. ठिणगी निम्म्यावर चढली आणि फ्यूज उडाला. सगळा मांडव अंधारात. लाईट आल्यावर अध्यक्ष भानुदासराव माईकवर म्हणाले, "बाईमाणसानं चूल सांभाळावी, लाईट न्हाय." गाव हसलं. आत्या यंत्र उचलून घरी आली. त्या दिवशी ती जेवली नाही.

मग ती कामाला लागली. मला समजावताना म्हणाली, "ह्यो ट्रान्सफॉर्मर वापरतो थोडं आन् लायनीतनं ओढतो लई. वरचं नुसतंच ये-जा करतं. ते हितंच अडवलं की फ्यूज उडायचा न्हाय." पंपाच्या मोटारीचे कपॅसिटर ती एकेक करून ट्रान्सफॉर्मरच्या लाईन येणाऱ्या बाजूला जोडून बघायची, मीटर लावायची. करंट उतरत उतरत सगळ्यात खाली आला, तिथं थांबली. हसली. ते हसू चांगलं नव्हतं.

पुढच्या वर्षी पोरांच्या हट्टापायी भानुदासरावांनी यंत्र पुन्हा लावू दिलं. माळा, पंखे, स्पीकर सगळं चालू असताना ठिणगी वरपर्यंत चढली. टाळ्या पडल्या. भानुदासरावांना ते सोसेना. त्यांनी आणखी एक मोठा स्पीकरसंच जोडायला सांगितला.

"राव, लाईन भरलीय," आत्या सगळ्यांदेखत म्हणाली. "न्हाय सोसायची."

"तू शिकवू नगंस मला!"

तिनं शांतपणे आपलं यंत्र बंद केलं आणि पिन काढून हातात धरली. नवा संच सुरू झाला मात्र, फ्यूज उडाला. मोबाईलच्या उजेडात आत्यानं पिन उंच धरली.

"भानुदासराव, माझी पिन तर हितं हाय. आता चूल कोण सांभाळतंय?"

त्यानंतर कितीतरी दिवस पारावर बसणं भानुदासरावांनी सोडलं. मी आत्याला म्हटलं, "आता मिटलं ना?" ती म्हणाली, "त्यानं माईकवर म्हनलं व्हतं. माईकवरच माफी मागू दे." ती काही त्यांनी मागितली नाही.

यंदा उन्हाळ्यात आत्या गेली. दहाव्याला भानुदासराव आले, थकलेले, काठी टेकत. म्हणाले, "तिचं यंत्र मंडळाला द्या. तिच्या नावानं लावू." मला क्षणभर कणव आली. मी विचारलं, "त्या वेळचं काही बोलणार का माईकवर?"

"गेलेल्या मानसाचं कशाला उकरून काढायचं आता?"

मी मान डोलावली. ट्रान्सफॉर्मर, तारा, सगळं स्वतः त्यांच्या गाडीत चढवलं. कपॅसिटर तेवढे सोडवून बारामतीला घरी आणले.

गणपतीला पिंपळीला जायचं ठरवलंय. लवकर निघेन, पुढं बसायला जागा मिळेल.