वाईपर्यंतचे मुक्काम

वंगणाचा वास आला की महाडच्या सासरची ती पडवी आठवते. मी पहिलटकरीण, सातव्या महिन्यात बैलगाडीने वाईला माहेरी निघणार होते. आदल्या संध्याकाळी पडवीत सासरे नातेवाइकांची घरं बघून मुक्काम ठरवत होते, यजमान मैल मोजून, तर गाडीवान बैलांचं पाणी बघून. पोलादपूरपर्यंत तिघांचं जमलं. पुढे घाटात कुणाचं कुणाशी जुळेना. दाराआड ऐकता ऐकता मी पार गोंधळले. तेवढ्यात चाकाला वंगण लावणारा गाडीवान म्हणाला, "पावन्यांचं झालं, बैलांचं झालं. बाईला कुठं थांबाया लागंल, ते कोन इचारनार हाय का नाय?" सगळे दाराकडे वळले. मला काही सांगताच येईना. परवा नातसून बाळंतपणाला निघाली, तेव्हा वाटेत कुठं थांबायचं, हे आधी तिलाच विचारलं. तीही गोंधळून माझ्याकडेच बघत राहिली.