कॅमेऱ्यांच्या खिडकीतले काका

"विचारलंस का?"

कॅमेरा परत घेताना काका चष्मा कपाळावर सरकवायचे, मागच्या पडद्यावरचा एकेक फोटो डोळ्यांजवळ धरून बघायचे आणि फोटोत माणूस दिसला की हा प्रश्न हमखास यायचा. मला मराठीत, बाकीच्यांना हिंदीत. फोटो कसा आलाय, उजेड बरा आहे का, यावर ते अवाक्षर काढत नसत. त्यासाठी प्राध्यापक होते. काका आमच्या फोटोग्राफी विभागाचे स्टोअरकीपर. जाळीच्या खिडकीतून कॅमेरे द्यायचे आणि परत घ्यायचे, एवढंच त्यांचं काम. अशी माणसं तुमच्याही पाहण्यात असतील. नेमून दिलेल्या कामापेक्षा त्यांचं स्वतःचं काम मोठं असतं.

एकदा एका मुलानं नुसत्या बकऱ्यांचे फोटो आणले आणि आधीच सांगून टाकलं, "भैयाजी, सबसे पूछ लिया है."

काका शांतपणे म्हणाले, "और बकरीवाले से?"

त्यांचं घर खंडेराव गेटजवळ. कित्येक पिढ्यांपूर्वी पूर्वज मराठ्यांच्या फौजेबरोबर या हिंदी मुलखात आले, ते इथलेच झाले. माझे बाबा कारखान्यातल्या नोकरीसाठी साताऱ्याहून आलेले. त्यामुळे माझी मराठी त्यांना नवलाची वाटे आणि त्यांची मला. पलंगाला ते जुन्या वळणानं मंचक म्हणत, आणि लगेच पुढे हिंदीच्या चालीवर "मी समजून गेलो" असंही म्हणत. घरी त्यांची मुलं हिंदीतच उत्तरं देत, म्हणून मी खिडकीशी आले की काका दोन वाक्यं उगाच जास्त बोलत.

दुसऱ्या वर्षी लक्ष्मी ताल या तळ्याच्या घाटावर मला एक फोटो मिळाला. सकाळचं ऊन, पायरीवर बसलेली पिवळ्या साडीतली बाई, डोक्यावरचा पदर खांद्यावर घसरलेला, मांडीवर जाड पुस्तक, दातांत पेन्सिल. तिचं माझ्याकडे लक्षच नव्हतं. विचारलं असतं तर ती सावरून बसली असती. मी दुरूनच टिपला.

काका त्या फोटोवर नेहमीपेक्षा जास्त वेळ थांबले.

"विचारलंस का?"

"हो," मी म्हटलं.

त्यांनी माझ्याकडे एकदा पाहिलं, चष्मा खाली घेतला आणि रजिस्टर उघडलं.

वार्षिक प्रदर्शनासाठी फोटो निवडला गेला. एवढंच नव्हे, विद्यापीठाच्या गेटवरच्या फ्लेक्ससाठीही विभागप्रमुख मॅडमनी तोच घेतला. उद्घाटन संध्याकाळी होतं. दुपारी फ्लेक्स चढला तेव्हा मी खाली उभी राहून त्याचा फोटो आईला पाठवला.

साडेतीनच्या सुमाराला ती बाई विचारत विचारत स्टोअरच्या खिडकीशी आली. पदर तोंडावर ओढलेला. मी आत फ्रेमच्या काचा पुसत होते. चेहरा दिसत नव्हता, पण त्याच पिवळ्या साडीवरून ओळखलं आणि हात थांबला. कुणा ओळखीच्या बाईनं तिला फोन करून फ्लेक्सचं सांगितलं होतं. सासर प्रेम नगरात, लग्नानंतर पुस्तकं बंद झालेली. देवीला जाते असं घरी सांगून ती रोज तालावर तासभर शिक्षक भरतीचा अभ्यास करायची. परीक्षा दहा दिवसांवर होती, आणि जेठजी, म्हणजे तिचे मोठे दीर, रोज पाच वाजता कामावरून याच गेटसमोरून घरी जायचे.

"भाईसाहब, पाँच बजे तक उतर जाएगा?" तिनं विचारलं.

"उतर जाएगा," काका म्हणाले. "आप घर जाइए."

ती गेल्यावर वाटलं, आता मला बोलतील. त्यांनी सरळ मॅडमना फोन लावला. मॅडम पाहुण्यांना आणायला स्टेशनवर गेल्या होत्या, उचलेनात. काका लावत राहिले. साडेचार वाजले तसे उठले, कोपऱ्यातली शिडी खांद्यावर घेतली आणि म्हणाले, "मागचं टोक धर."

गेटवर गार्डनं अडवलं, मॅडमची चिठ्ठी मागितली. नंतर आणून देतो, असं सांगून काका चढायला लागले. गुडघे दुखतात म्हणून जिना टाळणारा माणूस. शिडी डुगडुगत होती आणि मी ती दोन्ही हातांनी दाबून धरली होती. रस्त्यावरून जाणारी प्रत्येक स्कूटर मला जेठजींचीच वाटत होती. नायलॉनच्या गाठी सुटेनात, म्हणून काका कात्रीनं दोऱ्या कापत होते. एक कोपरा सुटला, वाऱ्यानं फ्लेक्स उलटा फिरून त्यांच्या अंगावर आला आणि त्यांचा एक पाय शिडीवरून निसटला. मी डोळे मिटले. उघडले तेव्हा काका वरच होते आणि फ्लेक्स माझ्या पायांशी पडत होता. पाचला सात मिनिटं कमी होती.

घडी घालताना मी म्हटलं, "काका, विचारलं नव्हतं."

"ठाऊक होतं मला," ते म्हणाले. "तरी पुढे बोललो नाही. फोटो फार चांगला होता ना."

तेवढ्यात मॅडमची गाडी आली. रिकामी चौकट पाहून त्या उतरल्या आणि पाहुण्यांना ऐकू जाणार नाही अशा आवाजात विचारलं, हे कुणी काढलं? काका म्हणाले, "मैंने." फोटोतल्या बाईंची परवानगी नव्हती, फोटो आपणच पुढे जाऊ दिला, असंही त्यांनी सांगितलं. मी शिडीमागे उभी राहून फ्लेक्सची घडी बांधत राहिले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी मॅडमकडे जाऊन सगळं खरं सांगितलं. प्रदर्शनातून माझं नाव आणि फोटो काढून टाकले, ते ठीकच होतं. पण काकांनी विनापरवाना फ्लेक्स उतरवल्याची तक्रार आदल्याच संध्याकाळी वरिष्ठांकडे गेली होती. त्यांची बदली उत्तरपत्रिकांच्या गोदामात झाली. निवृत्तीला पाच महिने उरले होते.

मी तिथं माफी मागायला गेले. त्यांनी स्टूल रुमालानं पुसून दिलं, डब्यातला अर्धा पराठा पुढे केला आणि म्हणाले, "येत जा. इथं मराठी ऐकायला मिळत नाही." मी पराठा खात बसले, माफी मागायची राहूनच गेली. निवृत्त झाल्यावर ते रेल्वेच्या वाटेवरच्या बीना गावी मुलीकडे राहायला गेले.

त्यानंतर कधीतरी मी खिडकीशी कॅमेरा जमा करत असताना ती बाई आली. चेहरा उघडा, हातात पेढ्यांचा डबा. तिनं काकांची चौकशी केली. मी ते कुठं आहेत ते सांगितलं, आणि तो फोटो माझा होता हेही सांगितलं. तिनं डबा खिडकीच्या फळीवर टेकवला. मग म्हणाली, नोकरी लागली. निकालाच्या दिवशी घरी तिनं स्वतःच सगळं सांगितलं होतं. जेठजी महिनाभर बोलले नाहीत, मग बोलायला लागले.

मला ती रागावली नाही, माफ केलं असंही म्हणाली नाही. डबा उघडून एक पेढा माझ्या हातावर ठेवला, झाकण लावून त्याला रबर गुंडाळलं आणि विचारलं, "बीना की गाड़ी कितने बजे है?"