चिठ्ठी बदलणारी कोंडी

पोशेऱ्याच्या पाड्यावरची कोंडी कुणाला अहो-जाहो करत नाही. तहसीलदार येवो नाहीतर डॉक्टर, सगळ्यांना 'तू'च.

दोन हजार चारच्या आषाढात मुंबईच्या डॉक्टरांचं पथक कुपोषित पोरांवरचा अभ्यास घेऊन आलं. काही पोरांना घरी शेंगदाण्याच्या खाऊची पाकिटं, काहींना आईसकट तीन आठवडे शिबिरात मुक्काम. कुणाला काय, ते चिठ्ठी ठरवणार. चिठ्ठीवर नाव नाही, नुसता रंग. आईला विचारायचं नाहीच! आई फक्त कागदावरच्या अंगठ्यापुरती.

कोंडीची तानी दोन वर्षांची, वजन सहा किलो आठशे. तिला शिबिर निघालं. नवरा भिवंडीला, घरात आणखी दोन पोरं, भाताची लावणी डोक्यावर. जाणार कशी? शेजारच्या गौराबाईला पाकिटं निघाली. तिची पाच पोरं. एकीला खाऊ भरवायचा आणि चौघांनी बघत बसायचं, हे आमच्या डोंगरात कुणाला जमत नाही. घर सांभाळायला सासू होती, तिला शिबिरच हवं होतं. दोघींनी वाटेतच चिठ्ठ्या बदलल्या.

आठ दिवसांनी ते उघड झालं. पथकाचे मोठे डॉक्टर भडकले, "दोघींची नावं काढा!" म्हणजे तानीचा खाऊ बंद. मी इथल्या संघटनेचा कार्यकर्ता; कोंडीचा निरोप आला तसा तावातावाने शिबिरावर गेलो, पण मला तोंड उघडायची वेळच आली नाही.

"चिठ्ठीला माझं घर ठावं हाय का?" कोंडी म्हणाली.

"बाई, अशाने आमचा अभ्यास खोटा ठरतो."

"मंग मला काढून खरा होल?" ती पोरांच्या वजनाला जमलेल्या बायांकडे वळली. "कोन कोन बदललीव? लपवू नका गो, हात वर करा."

आधी एक, मग तीन, मग अकरा हात वर.

जयवंती म्हातारी म्हणाली, "मी नातवाची दोनदा बदलली. दोन हात करू का?"

सगळ्या हसल्या. डॉक्टरांनी मात्र हातातली यादी मिटली. "आता मी काय करू?"

"पयलं इचार. मंग चिठ्ठी काढ."

त्यांनी मुंबईला कळवलं. नावं कुणाचीच कटली नाहीत. पंधरवड्यात नवा कागद आला, त्यावर पहिलाच प्रश्न: तुम्हाला कोणता उपचार हवा? ज्यांना दोन्ही चालतील त्यांचीच चिठ्ठी. बाकीच्यांना हवा तो उपचार, त्यांची मोजणी वेगळी. पंधरा वर्षं मोर्चे काढतोय मी, पण पाड्यावरच्या बाईने मुंबईचा कागद बदललेला तेव्हाच पाहिला.

दोन महिन्यांनी तानी काट्यावर बसली.

"आठ किलो शंभर," डॉक्टर म्हणाले.

"जोरात वाच," कोंडी म्हणाली. "मागच्यांना ऐकू नाय आलं."

डॉक्टरांनी जोरात वाचलं.