फेन्याची खुडणी

फेन्या माकोर्तॉफ पान खुडायची तेव्हा देठ झाडावर ठेवायची नाही. राहिलेला देठ सडतो आणि सड तिथून आत शिरते, असं तिचं म्हणणं. माझ्या हातून देठ राहायचे. ती माझ्या मागून यायची आणि ते नखानं काढायची. बोलायची नाही. बोलली असती तर मला बरं वाटलं असतं.

गेल्या मार्चमध्ये ती गेली. तिच्याबद्दल आमच्या प्रार्थनेच्या सभागृहात जे बोलले ते सगळे स्वयंपाकाबद्दल आणि गाण्याबद्दल बोलले. तिच्या कामाबद्दल कोणी बोललं नाही. ते मला माहीत आहे म्हणून लिहितो.

आम्ही दोघं एकाच लाकूड गिरणीत बावीस वर्षं होतो. मी करवतीवर, ती ओल्या फळ्यांच्या साखळीवर. फळी समोरून सरकत येते. ती उलटायची, दोन्ही बाजू बघायच्या, गाठ, चीर, निळी बुरशी असेल तर खडूनं खूण करायची. एका फळीला चार सेकंद. एका पाळीत सहा हजारांवर फळ्या. तिनं पास केलेली फळी गिऱ्हाइकाकडून परत आली, असं माझ्या आठवणीत दोनदा घडलं. दोन्ही वेळा तिला ताप होता.

गिरणी बंद पडली तेव्हा ती सत्तावन्न वर्षांची होती. पुढच्या वर्षी तिचा नवरा तिमोफे आजारी पडला. रक्ताचा कर्करोग. उपचारांनी रोग थोडा मागे हटला, पण पोटात अन्न टिकेना. पंच्याऐंशी किलोचा माणूस, बारा फुटी तुळई एकटा खांद्यावर घेणारा, दोन वर्षांत बावन्न किलोवर आला. शेवटी डॉक्टरीणबाईंनी त्याला गांजाचा परवाना लिहून दिला. ओढला की भूक लागेल, अन्न राहील, झोप येईल.

आम्ही डुखोबोर पंथाचे. आमचे पणजोबा रशियात बंदुकांची होळी करून कॅनडातल्या या दरीत आले. दारू, तंबाखू, मांस आमच्यात चालत नाही. तिमोफेच्या घरातून धूर निघाला की रस्त्यावरून जाणाऱ्या म्हाताऱ्या पावलं उचलायच्या.

“साठ वर्षं ओठाला सिगारेट लावली नाही,” तिमोफे म्हणायचा. “आता सरकारी कागद घेऊन ओढतोय. आजोबा कबरीत कुशीवर वळले असतील.”

“वळू देत,” फेन्या म्हणायची. “एका कुशीवर पडून त्यांनाही कंटाळा आला असेल.”

पण त्या दोन झुरक्यांनंतर तिमोफे वाडगाभर बोर्श्त, आमचं कोबीचं सूप, प्यायचा. वर लोणी, वर साय, आणि पोटात ठेवायचा. ते बघायला फेन्या समोर बसायची. स्वतःचं जेवण तिला नंतर आठवायचं.

सरकारी पुडी येई ती जुनी, चुरा झालेली. त्यानं त्याला खोकल्याची उबळ यायची. म्हणून फेन्यानं स्वतः पिकवायचा परवाना काढला. परवाना पंधरा झाडांचा होता. तळघर मोजून तिनं चौदाच लावली. पंधरावं लावलं असतं तर झाडांमधून वारा फिरला नसता.

डॉक्टरीणबाईंनी तिला एकच गोष्ट दोनदा सांगितली होती. याच्या रक्तात आता लढायला कोणी उरलेलं नाही. बुरशी छातीत गेली तर आम्हाला काही करता येणार नाही. मालावर पांढरा ठिपका दिसला तर माल फेकायचा. पुसून, वाळवून, काहीही करून द्यायचा नाही.

त्यामुळे फेन्याचं खरं काम झाड वाढवण्याचं नव्हतं. गांजा वाढायला फार अक्कल लागत नाही. काम होतं हवा कोरडी ठेवण्याचं. फुलोऱ्याच्या तिसऱ्या आठवड्यात झाड दाट होतं. हाताच्या पंज्याएवढी पानं एकमेकांवर पडतात, आत दमट सावली धरते, आणि भुरीला, त्या पांढऱ्या बुरशीला, तेवढंच हवं असतं. म्हणून तुऱ्यांवर सावली धरणारी मोठी पानं काढायची. गुडघ्याखालच्या मरतुकड्या फांद्या काढायच्या. पण सगळं एका दिवशी नाही, नाहीतर झाड रुसतं आणि आठवडाभर वाढत नाही. आज एक तृतीयांश, चार दिवसांनी पुन्हा. पानाला पान लागता कामा नये. पाणी सकाळी, दिवे लागल्याबरोबर, म्हणजे दिवसभरात माती वरून सुकते. भिंतीवर दमटपणाचा काटा होता, तो पन्नासच्या वर गेला की हवेतलं पाणी ओढणारं यंत्र दुसऱ्या वेगावर. त्याची बादली ती दिवसातून तीनदा रिकामी करायची. खाली जाताना बाहेरचे कपडे जिन्याजवळच्या खोलीत उतरवायचे, तिथला धुतलेला डगला घालायचा, डोक्याला रुमाल. हा नियम सगळ्यांना. तिच्या सख्ख्या बहिणीनं एकदा नुसतं दारातून डोकावलं तर फेन्यानं दार लावून घेतलं होतं.

दोन पिकं स्वच्छ निघाली. तिमोफे बावन्नवरून साठवर आला.

तिसऱ्या पिकाच्या वेळी फेन्याची बोटं गेली. बावीस वर्षं ओल्या, गारठलेल्या फळ्या उलटून सांधे सुजलेले होतेच, त्या उन्हाळ्यात ती बोटं कात्रीच्या कडीत जाईनात. तिनं आयुष्यात कोणाला मदत मागितल्याचं मी ऐकलं नव्हतं. ऑगस्टच्या शेवटी ती आमच्या फाटकाशी आली.

“सावेली, शनिवारी हात दे.”

“किती वेळ?”

“पानं संपेपर्यंत. सातला ये.”

आमच्या दरीत प्रत्येक घराच्या कुंपणाला सूर्यफुलांची रांग असते. बिया फोडत गप्पा मारल्याशिवाय आमचा रविवार संपत नाही. सभागृहाच्या पायऱ्यांवर टरफलांचा थर असतो. उन्हाळा सरताना सूर्यफुलाची खालची पानं भुरीनं पांढरी होतात. बीला त्यानं काही होत नाही, म्हणून कोणी लक्ष देत नाही. त्या शनिवारी पहाटेपासून निळे पक्षी माझ्या फुलांवर उतरले होते. आणखी तासभर थांबलो असतो तर बी राहिलं नसतं. मी चाळीस फुलं कापून पडवीत टाकली. बाह्या, छाती, सगळं पिठासारखं पांढरं. फेन्याकडे पोचायला आठ वाजले. बावीस वर्षांत मी पाळीला उशिरा गेलो नव्हतो.

तिमोफेसाठी एक मोठं फूल नेलं होतं. त्यानं ते मांडीवर घेतलं आणि नखानं बिया उकरायला लागला.

“सावेली, आलास का?” तो म्हणाला. “बाई सातपासून घड्याळाला शिव्या देते आहे. घड्याळाचा काय दोष?”

जिन्याजवळच्या खोलीत मी शर्ट उतरवला नाही. वेळ वाचवायचा म्हणून डगला वरूनच चढवला. डगला फेन्याच्या मापाचा. माझ्या बाह्या मनगटाबाहेर चार बोटं राहिल्या. कपडे बदलायचा नियम मला गिरणीतल्या भुशासाठी केल्यासारखा वाटायचा. स्वच्छतेची हौस, असं मी समजत होतो. सूर्यफुलाच्या भुरीला गांजाचं पानही चालतं हे मला ठाऊक नव्हतं.

फेन्या दारात उभी होती. तिनं माझ्याकडे पाहिलं, मग घड्याळाकडे.

“उशीर केलास.”

“सूर्यफुलं होती.”

“चल.”

दुपारी दोनपर्यंत आम्ही चौदा झाडं केली. मी खुडत होतो, ती मागून बघत होती. काम चांगलं झालं. दिवा प्रत्येक झाडाच्या बुंध्यापर्यंत पोचत होता.

नवव्या दिवशी तिनं मला बोलावलं. सहाव्या झाडाचं एक खालचं पान तिनं उलटं धरलं होतं. त्यावर नाण्याएवढा पांढरा ठिपका.

“हे काय आहे?”

“पीठ असेल.”

“स्वयंपाकघर वर आहे, सावेली.”

तिनं ते पान पिशवीत घालून पिशवीचं तोंड बांधलं. पुढचे चार दिवस ती सकाळ-दुपार भिंग घेऊन पान न् पान बघत होती. ठिपके सहाव्यावर, मग सातव्यावर, मग पलीकडच्या रांगेत. तुऱ्यांवर ती काही फवारणार नव्हती, ते तिमोफेच्याच छातीत जाणार होतं. यंत्र पूर्ण वेगावर होतं, काटा चाळीसवर. पाचव्या दिवशी ठिपका तुऱ्यावर दिसला. काढणीला तीन आठवडे होते. वरच्या फडताळात मागच्या पिकाची एक बरणी उरली होती, पंधरा दिवस पुरेल एवढी.

ती वर गेली. मी जिन्यातच थांबलो, पण दार उघडं होतं.

“कापतेय सगळं,” ती म्हणाली.

तिमोफे म्हणाला, “वरवरची भुरी असते ती. लहानपणी भोपळ्यावरची पुसून खायचो आपण.”

“तेव्हा तुझं रक्त तुझं होतं.”

“फेन्या, मला किती दिवस आहेत ते तुला माहीत आहे. मलाही माहीत आहे. त्यातले थोडे जेवून काढू दे की.”

“आणि छाती भरली तर?”

“तर भरली. उपाशी मरण्यापेक्षा वाईट आहे का ते?”

खुर्ची सरकल्याचा आवाज आला.

“माझ्या हातून नाही होणार, तिमोफे,” ती म्हणाली. “दुसरं काहीही माग.”

“दुसरं मला काही नको आहे.”

ती खाली आली आणि करवत घेतली. बुंधे अंगठ्याएवढे जाड होते. ती कापत होती, मी पिशव्या भरत होतो. आठव्या झाडाशी मी म्हणालो, “बाही माझी होती. सूर्यफुलाची.”

“ठाऊक आहे. दारातच दिसली.”

“मग आत कशाला घेतलंस?”

“चौदा झाडं होती. माझ्या बोटांनी चार झाली असती.”

“शर्ट बदलून आलो असतो.”

“तू म्हणाला असतास, एवढ्यानं काय होतंय. मी समजावत बसले असते. आठ वाजून गेले होते.” तिनं करवत दुसऱ्या हातात घेतली. “म्हटलं, होणार नाही काही. पहिल्यांदाच म्हटलं मी तसं. पिशवी नीट धर.”

आम्ही तळघर तीन दिवस धुतलं. भिंती, छत, पंख्याचं पातं न् पातं. कलमांसाठी ठेवलेलं एक झाड वेगळ्या खोलीत होतं, ते वाचलं. त्याचे फाटे लावून तिनं पुन्हा चौदा केली. काढणी डिसेंबरअखेर येणार होती.

बरणी ऑक्टोबर लागता लागता संपली. नंतर सरकारी पुडी. खोकल्यानं तो निळा पडायचा, म्हणून तीही बंद केली. हॉस्पिटलातल्या गोळ्यांनी दुखणं थांबायचं, भूक थांबायची ती वेगळीच. फेन्या रोज बोर्श्त करायची. तो दोन चमचे घ्यायचा आणि वाडगा सरकवायचा. तिच्यावर रागावला नाही. त्या भुरीचा विषयही काढला नाही. एकदा मी खिडकीशी बसलो होतो तेव्हा तो मला म्हणाला, “तिला वाटतं मी रुसलोय. मला नुसतं जेवायचं आहे रे.”

नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात दुपारी तो खुर्चीतच गेला. वजन एक्केचाळीस किलो. शवपेटी मी आणि त्याचा पुतण्या, दोघांनीच उचलली. चार माणसं लागली नाहीत.

सभागृहात टेबलावर पाव, मीठ, पाणी ठेवलं. बायका दोन दिवस स्तोत्रं गात होत्या. दुसऱ्या दिवशी सकाळी फेन्याची जागा रिकामी दिसली. सगळ्या माझ्याकडे बघायला लागल्या. मी तिच्या घरी गेलो. ती तळघरात होती. काळी शाल जिन्याजवळच्या खुंटीला, अंगात डगला, डोक्याला रुमाल.

“तिसरा आठवडा आहे,” ती म्हणाली.

“फेन्या, आता कोणासाठी?”

तिनं पुढचं पान देठासकट काढलं. मी शर्ट उतरवला, डगला घातला आणि दुसऱ्या टोकानं सुरुवात केली. उरलेल्या झाडांना दीड तास लागला. मग आम्ही सभागृहात गेलो आणि त्याला पुरलं.

परवाना त्याच्या औषधापुरता होता. तो गेल्याचं फेन्यानं त्याच आठवड्यात कळवलं. कचेरीचं उत्तर यायला सहा आठवडे लागले. तोवर ती खुडत राहिली, बादली रिकामी करत राहिली, काटा बघत राहिली. माणूस गेल्यावर सहा आठवड्यांनी आमच्यात प्रार्थना होते, ती झाल्यावर दोन दिवसांनी पत्र आलं. झाडं नष्ट करा, असं लिहिलं होतं. झाडं त्याच आठवड्यात काढणीला आली होती.

मी गेलो तेव्हा तिनं चौदाही कापून तळघरात चादरीवर आडवी मांडली होती. तुरे मुठीएवढे. हातात भिंग.

“बघ,” ती म्हणाली. “नीट बघ. वरची पानं नको, आतली बघ.”

मी गुडघ्यांवर बसून सगळी बघितली. पाऊण तास लागला असेल. एकही ठिपका नव्हता.

“नाही,” मी म्हणालो.

“नाही ना?”

“नाही.”

मग आम्ही ती बागेच्या कोपऱ्यात नेऊन मातीत पुरली. जमीन गोठलेली होती. खड्डा व्हायला दिवस गेला.