वडील गेल्या

मुलीच्या बाळंतपणासाठी मी शिरूरला गेले होते. नातू आठ दिवसांचा झाला होता आणि मी अंगणात त्याची दुपटी वाळत घालत होते, तेवढ्यात आमच्या गावाकडचा येसू गाडीवान दारात येऊन उभा राहिला. मुंडासं हातात, पाय गुडघ्यापर्यंत धुळीनं पांढरे. "सुशीलावैनी," तो म्हणाला, "वडील गेल्या." एवढंच. माझ्या विहीणबाईंना शुद्ध बोलण्याचा मोठा अभिमान. त्या आतूनच म्हणाल्या, "गेल्या काय रे? गेले म्हण." मग माझ्याकडे वळून, "अहो, पण तुमचे वडील तर मागंच वारले ना?" मी हातातलं ओलं दुपटं तसंच पिळत राहिले, त्यात पाण्याचा थेंब उरला नव्हता तरी... येसूचं व्याकरण चुकलं नव्हतं. उमापूरच्या शिवारात आमच्या वस्तीवर हा शब्द असाच चालवतात. तो ज्यांच्यामुळे असा चालायला लागला त्या माझ्या सासूबाई, राहेलबाई, गेल्या होत्या.

शिरूरला निघताना मी त्यांच्या पाया पडले तेव्हा त्या बाजेवर बसून लसूण सोलत होत्या. वय सत्तरीच्या पुढं असावं; त्यांच्या जन्माची नोंद ठेवायला निजामाच्या मोगलाईत कुणाला सवड होती? मला वाटलं, आशीर्वाद देतील. त्या म्हणाल्या, "फुलपात्र पालथं घातलंस का गं? उताणं ठिव. पालथं भांडं म्हंजी जेवण संपलं." हे त्यांचे मला शेवटचे शब्द. चार पानं भरतील इतक्या ओव्या आणि वचनं ज्यांना पाठ होती, त्यांनी मला शेवटी भांडं कसं ठेवायचं ते सांगितलं. आता कळतं, की त्यात सगळंच आलं.

मी या घरात आले ती सोळाव्या वर्षी. नगरकडची, म्हणजे इंग्रजी मुलखातली. बोर्डिंगात सहा इयत्ता शिकलेली. पायात चपला, ट्रंकेत आठ पुस्तकं आणि हातात छत्री. ज्या गावात दोन वर्षं धड पाऊस नव्हता त्या गावात मी छत्री घेऊन उतरले, यावरून माझ्या अकलेचा अंदाज वाचकांनी करावा. आम्हा ख्रिस्ती माणसांचं देऊळ म्हणजे मातीची एक खोली, वर धाब्याचं छप्पर. घंटेच्या जागी लिंबाला टांगलेला रुळाचा तुकडा. खोली सारवणं, रूळ वाजवणं, पाणी भरणं ही कामं आत्याबाई करत. सासूला आम्ही आत्याबाई म्हणतो. त्यांना अक्षर येत नव्हतं, आणि मला त्याची लाज वाटे. माझी नव्हे, त्यांची. त्या प्रार्थनेला उभ्या राहिल्या की चावडीवर उभ्या असल्यासारख्या बोलत. "हे आकाशातल्या बापा, अर्ज ऐसा हाय की..." मी एकदा सगळ्यांदेखत सुधारलं, "आत्याबाई, देवाला अर्ज करत नाहीत, प्रार्थना करतात." त्यांनी डोळे न उघडताच उत्तर दिलं, "बाई, चावडीवर केलेला अर्ज कुणी ऐकला असता तर तितंच केला असता. जो ऐकतो त्याच्याकडं करते." आणि पुढं, तितक्याच शांतपणे, "...तर अर्ज ऐसा हाय, बापा, की माज्या सुनंला जरा सबुरी दे."

आता एक गोष्ट सांगायची आहे ती सांगताना अजून मान खाली जाते, पण म्हातारपणी मान तशीही खालीच असते. गावानं आम्हाला वेशीबाहेर ठेवलं होतं. आमचा महारवाडा ओढ्याच्या अलीकडं, मांगवाडा पलीकडं. पहिल्यांदा बाप्तिस्मा झाला तो अलीकडच्या घरांचा. मग पलीकडची चार घरं आली, ती आत्याबाईंमुळे. त्यांतल्या लक्ष्मणबुवांच्या कारभारणीला, गिरजाबाईला, ताप भरला होता तेव्हा या अकरा दिवस ओढा ओलांडून जात होत्या, तिच्या पोरांना भाकरी घालत होत्या. ती उठली ती थेट देवळाच्या दारात येऊन बसली. पण देवळात आल्यावरही ओढा आतच होता! पुढं सतरंजी, त्यावर आम्ही. मागं दाराजवळ गोणपाट, त्यावर ते. असं बसा म्हणून कुणी सांगितलं नव्हतं. कुणी सांगितलं नव्हतं, म्हणून कुणी बदललंही नाही.

पाद्रीबाबा घोडीवरून तीन महिन्यांतून एकदा यायचे, तेव्हा प्रभुभोजन व्हायचं. ज्वारीची भाकरी आणि मनुका भिजवून कुस्करलेलं पाणी. प्याला म्हणजे आमच्याच घरचं पितळी फुलपात्र, आतून कल्हई केलेलं. ते सतरंजीवरून फिरत फिरत गोणपाटावर जाई. आत्याबाई भाकरी भाजायच्या, मनुका कुस्करायच्या आणि मग जाऊन बसायच्या अगदी शेवटी, गोणपाटाच्या टोकाला. मला राग यायचा. घरच्या सासूनं असं दारात बसावं? "आत्याबाई, पुढं बसत जा की," मी म्हणायची. त्या म्हणत, "मला भांडं धुवायला उठावं लागतं गं. मागनंच बरं पडतं." मी ते खरं मानलं. पाच वर्षं मानलं. आम्हा शिकलेल्यांना एवढं वाचता येतं, पण समोरचं माणूस कुठं बसलंय ते वाचता येत नाही.

त्या पाचव्या वर्षी शाळेच्या मास्तरांची बदली झाली. दर रविवारी उपासना तेच चालवत. पाद्रीबाबांनी निरोप धाडला, पुढच्या खेपेला मंडळीनं आपल्यातला एक वडील निवडावा. उपासना, आजाऱ्यांची भेट, भांडणतंटा, सगळं त्यानं बघायचं, आणि प्रभुभोजनाला प्याला त्यानंच फिरवायचा. मी मनात ठरवून टाकलं, की वडील आमचे हेच होणार. हे म्हणजे दावीद. नाव घेतलं, आता वयानं परवानगी दिलीय. हे चार माणसांत तोंड उघडायचे नाहीत, पण म्हणून काय झालं? प्रार्थना मी लिहून देणार होते. मला वडिलांची बायको व्हायचं होतं. गेवराईच्या बाजारातून कापड आणून मी ह्यांना कोटसुद्धा शिवला, त्याची एक बाही दुसरीपेक्षा चार बोटं लांब. आणि त्याच बाजारातून मी आणखी एक वस्तू आणली. जर्मनचं, म्हणजे ॲल्युमिनमचं, भांडं. घरी येऊन मी चार बायकांत व्याख्यान दिलं, की एका भांड्याला सगळ्यांनी तोंड लावणं आरोग्याला बरं नव्हे, बोर्डिंगात आम्हाला असं शिकवलंय, तर गोणपाटावरच्यांना हे वेगळं असू द्यावं. सगळ्यांनी माना डोलावल्या. त्यांच्या मनात जे होतं आणि बोलायची लाज वाटत होती, त्याला मी एक स्वच्छ नाव काढून दिलं होतं! आत्याबाईंनी ते भांडं हातात घेतलं, वर-खाली केलं. म्हणाल्या, "हलकं हाय." आणि ठेवून दिलं.

गोष्ट ओढ्यापलीकडं पोचायला वेळ लागला नाही. लक्ष्मणबुवा दुसऱ्या दिवशी आमच्या अंगणात आले, बसले नाहीत. "राहेलबाई, दुसरा प्याला आला तर आमची चारी घरं उठली म्हणून समजा. गावाच्या हिरीवर आमाला वेगळं, हितं बी वेगळंच, मग हितं यायचं कावून?" आत्याबाई त्या दिवशी जेवल्या नाहीत. अकरा दिवसांचं ते ओढा ओलांडणं, त्यानंतरची पाच वर्षं, सगळं माझ्या एका भांड्यात बुडायला निघालं होतं. पण त्या मला एका शब्दानं बोलल्या नाहीत. बोलल्या असत्या तर बरं झालं असतं. मला भांडता तरी आलं असतं.

पाद्रीबाबा आले. देऊळ भरलं. मेजावर पितळी फुलपात्र आणि शेजारी जर्मनचं भांडं, दोन्ही मीच मांडली होती. पाद्रीबाबांना वाटलं, मंडळी वाढली असेल. त्यांनी विचारलं, "वडील कोण होणार?" सतरंजीवरून दोघांतिघांनी ह्यांचं नाव घेतलं. मी पदर सावरून बसले. तेवढ्यात मागून लक्ष्मणबुवांचा आवाज आला. "आमाला बी इचारायचं हाय का नुसतं ह्यांनाच?"

"सगळ्यांनाच," पाद्रीबाबा म्हणाले.

"मग राहेलबाई."

अशी खसखस पिकली म्हणता! आणि त्यात सगळ्यात मोठ्यानं कोण हसलं असेल? मी म्हणाले, तेही सगळ्यांना ऐकू जाईल असं, "बाई कशी वडील होईल? आत्याबाई वडील झाल्या तर मामंजींना काय आई म्हणायचं?" माझे सासरे स्वतःच खोकेपर्यंत हसले. लक्ष्मणबुवा हसले नाहीत. ते म्हणाले, "पाच वर्सं झाली. आमच्या गिरजीनं तोंड लावलं की मग ह्या त्याच प्याल्यातलं पितात. दर येळंला. आमच्या मागं बसून, आमच्या नंतर. तुमच्यातल्या कुणाला दिसलं का?"

एकेक मान मागं वळली. आत्याबाई गोणपाटाच्या टोकाला बसल्या होत्या, चोरी पकडल्यासारख्या. त्या पुटपुटल्या, "भांडं धुवाया उठावं लागतंय, म्हणून..."

पाद्रीबाबा अवघडले. नियमाच्या पुस्तकात बाई वडील नव्हती. त्यांनी तसं सांगितलं. तेव्हा आमचे हे उठले. एक बाही बोटांपर्यंत आलेली, दुसरी मनगटाच्या वर. मी लिहून दिलेली प्रार्थना खिशात तशीच होती. लग्नानंतर चारचौघांत ते बोललेलं मी तेव्हा पहिल्यांदा ऐकलं. "पुस्तकात नाव माझं लिवा, पाद्रीबाबा. वडील आईच." आणि मेजापाशी जाऊन त्यांनी ते जर्मनचं भांडं उचललं, बाहेर नेऊन भिंतीशी ठेवलं आणि परत जागेवर येऊन बसले. त्या भांड्यात पुढं कितीतरी वर्षं आमच्या कोंबड्या पाणी प्यायल्या. कोंबड्यांचं आरोग्य उत्तम राहिलं.

वाचक म्हणतील, आता सुशीलाबाईंना पश्चात्ताप झाला असेल. कसला होतोय! मला संताप आला होता. मी सतरंजीवर तोंड फुगवून बसले होते. पण भाकरी मोडायच्या आधी आत्याबाईंनी हाक मारली, "सुशे, ये हितं. माज्यापाशी." सगळ्यांसमोर नाही कसं म्हणणार? गेले. त्यांनी मला गिरजाबाईच्या आणि आपल्या मधे बसवलं. प्याला फिरत आला. गिरजाबाई प्यायली आणि तिनं माझ्याकडं दिला. तिच्या मिसरीचा काळा ठसा काठावर उमटला होता. मी फुलपात्र हळूच फिरवायला लागले, कोरी जागा शोधायला. कानाशी आत्याबाईंचा आवाज आला, "फिरवू नगं गं. गोल हाय ते. कुटनं बी तेवढंच." मला हसू फुटलं. रडता रडता फुटतं तसलं. त्याच हसण्यात मी प्याले, ठशावरूनच, आणि मनुकांचं ते पाणी मला नाकात गेलं. गिरजाबाईनं पाठीत दणका घातला. तीच गिरजाबाई पुढं माझ्या तीन बाळंतपणांना आली, आणि दर वेळी आठवण द्यायची, "काय बामणीणबाई, मिसरी हाय बरं का हाताला!"

तेव्हापासून पुस्तकात ह्यांचं नाव आणि वस्तीत आत्याबाईंचा कारभार. मी वाचायची, त्या अर्थ सांगायच्या. कधी कधी मी जे वाचलं त्याचा त्या अर्थाशी काही संबंध नसे, पण ऐकणाऱ्याला त्या दिवशी जे हवं होतं ते त्यात हमखास असे. भांडण मिटवायला गेल्या की दोन्ही बाजूंना आधी निवडायला डाळ देत. पोरं म्हणायची, "वडील आल्या, वडील आल्या!" मी पाटीवर लिहून शिकवायची, वडील आले, वडील गेले. पोरं पाटीवर बरोबर लिहायची आणि बाहेर पडून पुन्हा आपलंच म्हणायची. एकदा चावडीवरचा कारकून माणसांची मोजदाद करत आला. लक्ष्मणबुवांच्या थोरल्याला त्यानं विचारलं, "वडिलांचं नाव?" तो म्हणाला, "राहेलबाई." कारकुनानं दौतीत बुडवलेला टाक वरच धरला. "अबे, बाप कोण, बाप!" "बाप लक्ष्मण," तो म्हणाला, "वडील राहेलबाई." मी पाटी पुसून टाकली ती त्या दिवशी.

शिरूरहून मी पोचेपर्यंत माती होऊन गेली होती. कबर दोन्हीकडच्या माणसांनी मिळून खणली होती. माझ्यासाठी एक पाटीभर माती बाजूला काढून ठेवली होती. ती मी टाकली. गिरजाबाई, आता दातांचं बोळकं झालेली, शेजारी उभी होती. म्हणाली, "शेवटालाच बसायची सवय. आता मातर पयल्या गेल्या."

गेल्या पंधरवड्यात त्यांच्यामागचं पहिलं प्रभुभोजन झालं. पाद्रीबाबा नवे आहेत, तरुण. दारातून आत येऊन बघतात तो सतरंजी सगळी मोकळी, आणि मागं गोणपाटावर दोन्ही वाड्यांची माणसं दाटीवाटीनं एकमेकांच्या मांडीवर बसलेली. मी आणि गिरजाबाई टोकाच्या जागेवरून एकमेकींना कोपरानं ढकलत होतो. "पुढं या, पुढं या, जागा आहे," पाद्रीबाबा म्हणाले. कुणी हललं नाही. "पुढं का येत नाही तुम्ही?" येसू गाडीवान म्हणाला, "वडील मागं बसत व्हत्या." पाद्रीबाबांनी एकदा रिकाम्या सतरंजीकडं पाहिलं, एकदा आमच्याकडं. मग बिचाऱ्यांनी स्वतःच मेज उचललं आणि मागं आणून ठेवलं.

टोकाची जागा गिरजाबाईनं मारली. म्हातारीच्या कोपरात अजून जोर आहे. पण धुवायचं काम मी सोडलं नाही. फुलपात्राच्या काठावरची कल्हई सगळी गेली आहे, आतलं पितळ दिसतं. नव्या कल्हईला टाकायचं म्हणते. राखेनं घासलं, विसळलं, पदरानं पुसलं, आणि कोनाड्यात उताणं ठेवलं.