पेन ड्राइव्हला हळदीकुंकू

मला राग लवकर येतो हे आमच्या घरात सगळ्यांना माहीत आहे, आणि या माहितीचा सगळ्यांना फार उपयोग होतो. मी काहीही बोलले की ‘तिचं काय, तिला राग येतोच’ म्हणून मोकळं व्हायचं. त्यामुळे त्या कॉम्प्युटरबद्दल मी घसा फोडून जे सांगत होते ते कुणाच्या कानात शिरलंच नाही.

मस्तगड भागातल्या आमच्या घराच्या पुढच्या खोलीत मी टायपिंगचं काम करायचे. लग्नपत्रिका, शाळांच्या प्रश्नपत्रिका, वास्तुशांतीची आमंत्रणं, फोटोंचे अल्बम. कॉम्प्युटर होता ह्यांच्या कारखान्यातून मोडीत निघालेला. हे, म्हणजे माझे मिस्टर, एमआयडीसीत लोखंडाच्या कारखान्यात आहेत. तिथल्या ऑफिसनं टाकून दिलेलं मशीन माझ्या धंद्याला चांगलं आहे असं घरात ठरलं. ठरवताना मला विचारलं नव्हतं. सकाळी बटण दाबून मी भांडी घासून परत यायचे, तरी पडद्यावर आपलं गोल फिरतच असायचं. पत्रिका टाइप करताना माझी बोटं नवरदेवाच्या मामापर्यंत पोचलेली असायची आणि अक्षरं अजून नवरीपाशीच रखडलेली. समोर बसलेलं गिऱ्हाईक घड्याळ बघायचं, आणि त्याची बायको दबक्या आवाजात म्हणायची, ‘दुसरीकडं जाऊ बरं.’ दबका असला तरी तो आवाज मला ऐकू यायचा.

मी म्हटलं रॅम वाढवा. आतली डिस्क बदला. नाहीतर नवीनच घ्या, माझ्या कमाईतून घ्या. हे म्हणाले, ‘बघू.’ ह्यांच्या ‘बघू’त काहीच दिसत नाही, हे लग्नानंतर लवकरच कळलं होतं.

मग भाऊजी आले. भाऊजी म्हणजे माझे धाकटे दीर. कधीतरी कॉम्प्युटरचा कसलासा कोर्स केलेला, त्या जोरावर गल्लीतल्या प्रत्येक बंद पडलेल्या वस्तूवर त्यांचा हक्क.

‘वहिनी, फुकटचा खर्चा कशाला?’ ते म्हणाले. ‘पेन ड्राइव्ह लावून देतो. मंग बघा कसा पळतो ते.’

यात खोटं काही नव्हतं. तशी सोय त्या मशीनमध्येच असते. मेमरी कमी पडत असेल तर नेहमी लागणाऱ्या गोष्टींची नक्कल पेन ड्राइव्हमध्ये ठेवायची, म्हणजे मशीनला दर वेळी त्या म्हाताऱ्या डिस्ककडे धावावं लागत नाही. मिठाची बरणी फडताळात असते, पण थोडं मीठ वाटीत काढून शेगडीजवळ ठेवतो ना, तसं. पण ओटाच वीतभर असेल तर वाट्या मांडून स्वयंपाक काय डोंबलाचा होणार?

पेन ड्राइव्ह लावला. भाऊजींनी एक फाइल उघडली, बंद केली, पुन्हा उघडली. दुसऱ्यांदा ती जरा लवकर उघडली. झालं! घरात जाहीर झालं की कॉम्प्युटर पळायला लागला. आल्यागेल्याला सांगितलं जाऊ लागलं. मी म्हणायचे, ‘अहो, तसाच रांगतोय तो,’ तर हे म्हणायचे, ‘तुलाच घाई असती.’ रोज त्याच्यापुढे बसणारी मी, आणि तो फास्ट आहे की नाही ते ठरवणारे हे. मला त्या मशीनपेक्षा या गोष्टीचा जास्त संताप यायचा.

मी फारच बोलले की भाऊजी आणखी एक पेन ड्राइव्ह आणून खोचायचे. होता होता सगळ्या खाचा भरल्या. गिऱ्हाईक आपला मजकूर घेऊन आलं की मी माउस उपटायचा, त्याचा पेन ड्राइव्ह लावायचा, आणि मग बाण हलवायला बोटांची कसरत करायची. डिस्क भाऊजींच्या सिनेमांनी गच्च भरलेली, म्हणून गिऱ्हाइकाचं काही मशीनमध्ये उतरवून ठेवायचीही सोय नाही. त्यांचे पेन ड्राइव्ह मी टेबलाच्या खणात ठेवायचे.

त्या खणातच तिचा होता.

पलीकडच्या गल्लीत राहायची ती. घरात उर्दू बोलणारी माणसं. ती ब्लाउजांवर आरीचं काम करायची. चौकटीवर कापड ताणून बारीक सुईनं जरी, मणी, टिकल्या. मोर असा काढायची की हात लावायची भीती वाटावी. पण काम एका दुकानाचं. ब्लाउज दुकानात जायचे, तिथून नवरींच्या पेट्यांमध्ये, आणि बनवलं कुणी हे कुणालाच माहीत नसायचं. तिला स्वतःचं छोटं दुकान टाकायचं होतं. बाया विचारणार, आधी काय केलंय ते दाखव. म्हणून प्रत्येक ब्लाउज देण्याआधी ती मोबाइलवर फोटो काढायची. मोबाइल भरला की माझ्याकडे यायची, मी फोटो पेन ड्राइव्हमध्ये घालून मोबाइल मोकळा करून द्यायचे. तुळशीच्या लग्नाआधी मी तिला त्या फोटोंचा अल्बम करून देणार होते, लग्नसराईत दाखवायला. तिनं त्या पेन ड्राइव्हच्या भोकातून जरीचा दोरा ओवून छोटा गोंडा केला होता, ओळखू यावा म्हणून.

‘बाजी, संभालके रखना,’ ती म्हणाली होती. ताईला त्यांच्यात बाजी म्हणतात. ‘काम तर लोकांच्या घरी गेलं. माझ्याजवळ एवढंच है.’

आणि मग दसरा आला.

आमच्याकडे खंडेनवमीला हत्यारं पुजतात. ह्यांच्या कारखान्यात तर त्या दिवशी मशिनं थंड, सगळीकडे झेंडू. घरीही पाटावर पाने-पक्कड, हातोडी, माझी कात्री, विळी, सगळं मांडतात. मी आत पुरण वाटत होते. मांडामांड भाऊजींनी केली. त्यांनी माझा खण उघडला आणि गिऱ्हाइकांचे पेन ड्राइव्हसुद्धा पाटावर ओतले, पूजेला काही राहायला नको म्हणून! प्रत्येकाला हळदीकुंकू लागलं. कॉम्प्युटरच्या पडद्यालाही कुंकवाचं बोट लावलं, ते निघता निघत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सोनं वाटून झाल्यावर भाऊजींना वाटलं, चांगला मुहूर्त आहे, वहिनींच्या कॉम्प्युटरला आज नवीन पेन ड्राइव्ह लावावा. पाटावरचा त्यांना जो सगळ्यात सजलेला दिसला तो त्यांनी उचलला. जरीचा गोंडा, वर हळदीकुंकू. त्यांना वाटलं पूजेसाठीच नटवलाय. शिवाय होताही सगळ्यांत मोठा. त्यांनी तो आधी पुसून कोरा केला आणि मग एक जुना उपटून त्याच्या जागी मशीनला देऊन टाकला.

मला कळलं ते अल्बमला बसायचं म्हणून खण उघडला तेव्हा. शोधता शोधता मशीनच्या मागे गोंडा लोंबताना दिसला. आत बघते तर एकही फोटो नाही. एकच मोठीच्या मोठी फाइल, मशीननं स्वतःसाठी भरलेली.

मी हाक मारली ती गल्लीच्या टोकापर्यंत गेली असणार. भाऊजी आले.

‘फॉरमॅट केल्याबिगर पुरा वापरता येत न्हाई तो,’ ते म्हणाले. ‘मला काय माहीत कोणाचा है? आणि होतं काय त्यात? फोटोच होते ना?’

मी तो घेऊन बाजारात गेले. डेटा परत काढून देणारा एकजण आहे, त्यानं बराच वेळ खटपट केली. नुसता पुसला असता तर काही सापडलं असतं, तो म्हणाला, पण त्यावर काठोकाठ दुसरं लिहिलं गेलं आहे. त्या दुसऱ्याचा जगात कुणाला उपयोग नव्हता. माझ्या मशीनचं उष्टं होतं ते. तिच्या मोरांच्या जागेवर भरलेलं.

घरी हे म्हणाले, ‘सणासुदीचं डोकं तापवू नको. तिला नवीन घेऊन देऊ, याच्याहून मोठा.’ मोठा! जणू तिची जागा कमी पडत होती.

सांगायला मी एकटीच गेले. दोघांपैकी एकालाही सोबत यावंसं वाटलं नाही. ती चौकटीवर वाकलेली होती. मी सगळं सांगितलं, पूजा, दसरा, भाऊजी, काही लपवलं नाही. मला वाटलं ती रडेल, निदान चार शब्द सुनावेल. मी त्यासाठीच उभी होते. तिनं सुई कापडात खोचली, पेन ड्राइव्ह हातात घेतला, त्याच्यावरचं कुंकू अंगठ्यानं जरा पुसलं आणि माझ्या हातात परत दिला.

‘आता यात माझं काय है, बाजी? तुमच्याच कॉम्प्युटरला लावा.’ मग तिनं माझ्याकडे बघून विचारलं, टोमणा नव्हता, खरंच विचारलं, ‘जल्दी तरी चालून राह्यला ना आता?’

मी मान हलवली, नाही म्हणून. तिनं पुन्हा सुई उचलली. हातातला ब्लाउज त्याच दुकानाचा होता.

घरी आले तेव्हा दोघे भाऊ जेवायला बसले होते. हे म्हणाले, ‘चिडली का गं ती?’

‘न्हाई चिडली,’ मी म्हटलं. ‘तिनं एवढंच विचारलं, कॉम्प्युटर जल्दी चालतो का. मी सांगितलं, चालत न्हाई. कधीच चालला नव्हता.’

मग भाऊजी खाली बघत म्हणाले, ‘तसं न्हाई वहिनी. थोडा फरक तर पडलाच होता.’

मी त्यांच्या ताटातली भाकरी उचलली, तिच्या जागी तो गोंड्याचा पेन ड्राइव्ह ठेवला आणि म्हटलं, ‘हा खा. यानंही थोडा फरक पडंल.’